भिंतीच्या पोटातलं काम

वास्तुरचनेच्या कुठल्याही पुरस्काराचा अर्ज उघडा, पहिली मागणी असते ती पूर्ण झालेल्या इमारतीच्या फोटोंची. दर्शनी बाजू, आतली जागा, संध्याकाळी दिवे लागल्यावरचा एखादा फोटो. लातूर आणि नांदेड या दोन गावांत मी आयुष्यभर आर्किटेक्ट म्हणून काम केलं, आणि त्या कामातल्या ज्या भागावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे तो अशा एकाही फोटोत येत नाही. तो जमिनीखाली आहे, नाहीतर भिंतीच्या दोन तोंडांच्या मधे आहे. जोतं भरलं, गिलावा झाला, की तो कायमचा झाकला जातो. तरीही पुढे माझ्या वाट्याला जो काही मान आला, तो या झाकलेल्या कामामुळेच आला असं मी ठामपणे म्हणते. नव्याने पदवी घेऊन आलेली मुलंमुली विचारतात, "मॅडम, इथं राहून नाव होतं का? की पुणं-मुंबई गाठावीच लागते?" त्यांना चार वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माझं माहेर नांदेडचं. शिक्षण मुंबईला, जे. जे.मध्ये. १९९३ साली मी पुण्यात एका ऑफिसात नोकरीला होते. त्या वर्षी अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक रात्री उशिरा झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना, किल्लारीची जमीन हलली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. सहा किंवा त्याहून जास्त तीव्रतेचे भूकंप जगात दर वर्षी शंभराच्या वर होतात आणि त्यातल्या बहुतेकांची बातमीसुद्धा आपल्यापर्यंत येत नाही. इथे मात्र जवळपास ८ हजार माणसं गेली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतली किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, राजेगाव अशी गावंच्या गावं पडली. भूकंपाच्या नकाशावर तेव्हा हा सगळा पट्टा सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात दाखवलेला होता. त्यामुळे इथे घर बांधताना भूकंपाचा विचार करायचा असतो हे ना सरकारी इंजिनिअरच्या मनात होतं, ना गवंड्याच्या, ना आमच्या अभ्यासक्रमात.

काही आठवड्यांनी पडझडीच्या पाहणीसाठी स्वयंसेवक हवे होते, म्हणून मी आले. पुण्याला परत गेले ती फक्त सामान आणायला.

पडलेलं घर बघताना एक गोष्ट लवकर डोळ्यांत भरली. आपल्याकडचं जुनं घर खणाचं. लाकडी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर किलचणं किंवा फळ्या आणि वर मातीचं माळवद. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर मातीचा नवा थर चढतो. वर्षानुवर्षं चढत राहिलेला हा थर कित्येक घरांवर दीड-दोन फुटांचा झालेला होता. मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंश तापमान असताना त्या मातीखाली माजघर गार राहायचं. म्हणजे ते बांधणाऱ्यांना अक्कल नव्हती असं म्हणायची सोय नाही. बऱ्याच घरांत लाकडाचा सांगाडा उभाच होता. भिंती मात्र दोन्ही बाजूंना ओसरून पडल्या होत्या. जिथे तुळया खांबांऐवजी थेट भिंतीवर टेकवल्या होत्या, तिथे भिंतीपाठोपाठ माळवदाची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली.

भिंत का ओसरली? बाहेरून ती दोन-अडीच फूट जाड, बघणाऱ्याला वाटावं तोफेनेही हलणार नाही. पण ती एक भिंत नसतेच. बाहेरच्या तोंडाला दगडांची एक रांग, आतल्या तोंडाला दुसरी, आणि मधे चिपा, गोटे, माती. दोन्ही तोंडांना बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड कुठेच नाही. जमीन हलली की मधला भराव खाली बसतो, पाचरीसारखा दोन्ही तोंडांना बाहेर ढकलतो, आणि भिंत उभी चिरते. औसा तालुक्यातले एक म्हातारे मिस्त्री त्या पाहणीत आमच्याबरोबर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. एका पडक्या गढीच्या भिंतीपाशी थांबून त्यांनी हात आत घातला आणि म्हणाले, "ताई, हितं बघा. जुन्या माणसांनी गाठ मारलेली हाय. पुढं दगड म्हाग झाला, कामं घाईची झाली, गाठ सुटली." गढीच्या त्या भागात खरोखरच लांब घडीव दगड या तोंडापासून त्या तोंडापर्यंत गेलेले होते. शेजारची, नंतर बांधलेली घरं सपाट झाली होती.

माझं पुढचं सगळं काम त्या एका जागेवरून सुरू झालं. कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी भारतीय मानक संस्थेचं १३८२८ क्रमांकाचं मानक त्याच वर्षी, १९९३ साली, आलं. त्यात मामा जे म्हणत होते तेच आकड्यांत मांडलेलं आहे: उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत १.२ मीटरच्या आत एक आरपार दगड, कोपऱ्यांना सांधणारे लांब दगड, दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या घराला वेढणारा सलग पट्टा. मानक इंग्रजीत होतं आणि मामांना वाचता येत नव्हतं. त्या दोघांच्या मधे उभं राहायला कुणीतरी हवं होतं, आणि आर्किटेक्टचं काम तेच आहे हे मला तिथे पटलं.

जागतिक बँकेच्या मदतीने राज्य सरकारने जो पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेतला, त्याची जगाला माहिती झाली ती नव्याने वसवलेल्या ५२ गावांमुळे. पाहुणे तिथे येत, फोटो तिथले निघत. पण त्याच कार्यक्रमात जवळपास २ लाख घरं होती तिथेच दुरुस्त आणि मजबूत करायची होती, आणि माझ्या मते खरी परीक्षा त्या कामाची होती. भिंतीला भोक पाडायचं, त्यात आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे न घातलेला आरपार दगड नंतर घातल्यासारखा होतो. माळवदावरची जास्तीची माती उतरवायची. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरकस आधार द्यायचे. काम अगदी साधं. अवघड होतं ते घरमालकाला पटवणं. शेजारी काँक्रीटचं नवं घर उभं राहतंय आणि आपल्याला मात्र भिंतीला भोकं पाडायला सांगतायत, हे कुणाला आवडेल? भूकंपाने लोकांच्या मनात दगडाची धास्ती बसवली होती. बायका सांगायच्या, लेकरं दगडी खोलीत झोपत नाहीत.

तिथे काम केलं ते बायकांनीच. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. बाराशेच्या आसपास गावांत त्या घरोघर गेल्या, अनुदानाचे हप्ते कसे मिळतात ते समजावलं, आणि मिस्त्री पट्ट्यात सळई घालतोय की नुसताच सिमेंट फासतोय यावर नजर ठेवली. चौथीपर्यंत शिकलेली बाई गवंड्याला ओळंबा लावून दाखवायला सांगते आणि गवंडी मुकाट्याने लावतो, हे मी बघितलं आहे. इमारत कशी असावी हे कॉलेजात शिकले. ती तशी होते आहे की नाही हे बघायला त्या बायकांकडून शिकले.

नव्या गावांबद्दल माझं मत अजूनही तीव्र आहे. घराचा आकार ठरला जमिनीवरून: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त असेल तर ७५०. आखणी चौकोनी, रस्ते रुंद. जुन्या गावात ढाळज होती, ओसरी होती, भावकी एका बोळात राहत होती, बाईला दुपारी दारात बसून ज्वारी निवडता येत होती. नव्या आखणीत गाव कितीतरी पट पसरलं आणि ही मधली जागाच नाहीशी झाली. चांगले प्रयत्नही झाले. मल्याळ मनोरमा या वृत्तपत्राने बाणेगाव वसवलं, त्यासाठी लॉरी बेकर आले. मळकोंडजीत अहमदाबादच्या एका गटाने लोकांशी बोलून आखणी केली. गुबाळला घुमटाची घरं झाली. घुमट भूकंपाला उत्तम, पण त्याला वर खोली चढवता येत नाही आणि कडेला कपाटही नीट टेकत नाही. शेतकऱ्याचं घर एका दिवसात पुरं होत नसतं. पोरगं लग्नाचं झालं की खोली वाढते, बैलजोडी घेतली की गोठा वाढतो.

बाळकृष्ण दोशी हे पुण्यात जन्मलेले आणि जे. जे.त शिकलेले. इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्यांनी गरीब कुटुंबांना जोतं, पाण्याची आणि संडासाची सोय, एखादी खोली एवढंच दिलं. पुढचं घर लोकांनी आपापल्या ऐपतीने वाढवलं. त्या वसाहतीला १९९५ साली आगाखान पुरस्कार मिळाला आणि २०१८ साली दोशींना प्रित्झकर. आमच्या २५० चौरस फुटांच्या घरांभोवतीही आज पत्र्याच्या, विटांच्या, काँक्रीटच्या खोल्या वाढलेल्या आहेत. फरक इतकाच की ती वाढ कुणी आखलेली नव्हती, त्यामुळे पट्ट्यांनी बांधलेल्या मजबूत खोलीला टेकून बिनपट्ट्याची कच्ची खोली उभी आहे. लातूर-किल्लारीचा भाग २००२ च्या सुधारित मानकात तिसऱ्या भूकंपक्षेत्रात गेला, तरी या वाढीव खोल्यांना त्याचा पत्ता नाही.

स्वतःचं ऑफिस काढलं तेव्हा लातूर झपाट्याने वाढत होतं. क्लास, वसतिगृहं, दवाखाने यांची कामं होती. पण आर्किटेक्ट म्हणजे काय, हा प्रश्न होताच. १९७२ च्या कायद्याने आर्किटेक्ट ही पदवी नोंदणी झालेल्यांपुरती राखून ठेवली आहे. नकाशा काढण्याचं काम मात्र इतरही करू शकतात. त्यामुळे गिऱ्हाईक येतं ते "तेवढा प्लॅन पास करून द्या" म्हणत, आणि फी विचारतं चौरस फुटावर. दुसरीकडे दोन रुपये कमी असतात. हे कटकटीचं आहे, पण त्यावर रडत बसण्यात अर्थ नाही असं मला तेव्हाच वाटलं. आपण वेगळं काय देतो ते दाखवायचं, एवढाच मार्ग होता.

आणि दाखवायला काळी जमीन होती. नांदेडला गोदावरीकाठी, लातूर भागात मांजरेच्या खोऱ्यात, जिथे काळी माती खोल आहे तिथे ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मे महिन्यांत शेतात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगा घराच्या जोत्याखालीही पडतात, आणि मग खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरकी चीर जाते. लोक दर दिवाळीला ती लांबी लावून बुजवतात आणि रंग देतात. पुढच्या उन्हाळ्यात ती परत हजर. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने यावर उपाय काढून कैक दशकं झाली: साडेतीन मीटरच्या आसपास खोल, खाली फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या पाइल, ज्या माती हलते त्या थराच्याही खाली जाऊन धरतात. एकमजली शाळेला किंवा घराला एवढा खर्च कशाला, असं प्रत्येक मालक विचारतो. त्याला सिद्धांत सांगून उपयोग नसतो. मी त्याला आधी बांधलेल्या घरी घेऊन जायचे.

म्हणून मी नोंदी ठेवायला लागले. प्रत्येक कामाची एक जाड वही. पाया भरण्याआधी खड्ड्याचा फोटो, शेजारी मोजपट्टी उभी. सळई बांधली की फोटो, कोपऱ्यातला दगड बसला की फोटो, कोणत्या मिस्त्रीने बसवला त्याचं नाव. काम संपल्यावरही वही बंद करायची नाही. दर मे आणि दर सप्टेंबरात इमारत बघून यायची. कुठे चीर दिसली तर तिच्यावर काचेची पातळ पट्टी चिकटवायची आणि तारीख लिहायची. काच तडकली तर चीर अजून हलते आहे, शाबूत राहिली तर ती जुनी आहे. हा अतिशय स्वस्त उपाय आहे आणि आमच्याकडे फारच थोडे लोक तो करतात. मालकाला सुरुवातीला चमत्कारिक वाटायचं, बिल चुकतं झाल्यावरही या बाई कशाला येतात म्हणून. नंतर तेच इतरांना सांगायला लागले. मला पुढची बहुतेक कामं अशीच मिळाली.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा याच वह्या वेगळ्या कामाला आल्या. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ७० हजार लिटर पाणी होतं. कुणाच्या गच्चीचा उतार कुठे, पाइप कुठून खाली येतो, जमिनीत मुरूम किती खोलीवर लागला, हे सगळं लिहिलेलं होतं. जुन्या गिऱ्हाइकांना नव्या मोजमापाशिवाय हौद आणि शोषखड्डे आखून देता आले.

एका पुरस्काराच्या निवड समितीपुढे मी गेले ती नांदेड जिल्ह्यातल्या एका लहान शाळेचं काम घेऊन. सहा वर्ग, ओसरी, दगडी भिंती, पट्टे, वर हलकं छप्पर. इतर स्पर्धकांच्या काचेच्या इमारतींचे फोटो मोठे देखणे होते. समितीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी सरळ विचारलं, "ही शाळा नीटनेटकी आहे. पण यात तुम्ही विशेष काय केलंत?" मी वही पुढे ठेवली. पाइलचे खड्डे, आरपार दगडांची जागा दाखवणारा प्रत्येक भिंतीचा नकाशा, दरवर्षीच्या नोंदी, आणि त्याच काळ्या जमिनीवर त्याच गावात बांधलेल्या दुसऱ्या इमारतीच्या चिरांची मापं. मग प्रश्न थांबेनात. मिस्त्रींना कसं शिकवलं, दगडाची धास्ती कशी मोडली, फुटामागे किती खर्च वाढला. तो पुरस्कार मिळाला. पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सची फेलो झाले तेव्हाही मला आनंद झाला तो १९१७ पासून चालत आलेल्या संस्थेच्या यादीत मराठवाड्यातलं दगड-मातीचं काम गेलं, याचा.

अशा कामाला जगही मान देतं याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात लासूरला कुष्ठरुग्णांसाठी एक रुग्णालय आहे. येन्सेन आणि ब्रीनिल्डसेन या दोन तरुण नॉर्वेजियन आर्किटेक्टांनी ते १९८०च्या दशकात स्थानिक दगडात, स्थानिक कारागिरांना घेऊन बांधलं. त्याला १९९८ साली आगाखान पुरस्कार मिळाला, त्याच फेरीत ज्यात चार्ल्स कोरियांच्या भोपाळच्या विधान भवनालाही मिळाला. एवढं भव्य विधान भवन आणि आडगावातलं दवाखान्याचं अंगण एका रांगेत बसलं. कोल्हापुरात राहून शिरीष बेरींनी देशभर नाव होईल असं काम केलं. तेव्हा गाव आडवं येत नाही. आडवं येतं ते कामाची नोंद नसणं.

लातूरच्या गंजगोलाईचंच बघा. १९१७ सालची मधली दुमजली इमारत, भोवती गोल बाजार, सोळा दिशांना सोळा रस्ते. शहररचनेचा इतका स्पष्ट विचार मराठवाड्यात दुसरा दाखवता येणार नाही. आराखडा फैयाजुद्दीन यांचा. रोज तिथे खरेदी करणाऱ्यांपैकी हे नाव किती जणांना ठाऊक आहे? नांदेडचा सचखंड हुजूर साहिब महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतला हे सगळे सांगतात. तो उभा करणाऱ्या हातांची नावं कुणी सांगत नाही. होट्टलच्या, निलंग्याच्या देवळांत चुना न वापरता दगडात दगड अडकवणाऱ्या सूत्रधारांचं तर विचारूच नका. हे मला सलतं. म्हणून माझ्या वहीत मिस्त्रीचं नाव असतं, आणि पुरस्काराच्या फलकावर ते घाला असा आग्रह मी धरला. मामांचं नाव त्या शाळेच्या भिंतीवर आहे.

ज्यांना इथे राहून मोठं व्हायचं आहे त्यांना मी सांगते की पहिल्या कामापासून वही घाला, पाया झाकण्याआधीचा फोटो मोजपट्टीसकट काढा, आणि बांधून झाल्यावर निदान पाच उन्हाळे त्या घरी जा. मोठ्या पुरस्काराचा अर्ज त्यानंतर भरा, तोपर्यंत तो भरण्यासारखं काही हातात नसतं. फीमधे सवलत द्या हवी तर, पण खड्ड्याच्या खोलीत देऊ नका. त्यावरून एखादं काम हातचं जातं, माझीही गेली आहेत, जाऊ द्यावं.

सध्या कंधार तालुक्यातल्या एका चौसोपी वाड्याचं मोजमाप चालू आहे. मालक तो पावसाळ्यानंतर उतरवणार आहेत. मुलांना तिथे स्लॅबचं घर हवं आहे आणि सागाच्या खांबांना गिऱ्हाईकही आलेलं आहे. मालकांनी आम्हाला दिवाळीपर्यंत मुभा दिली आहे. तेवढ्यात खणांची मापं, माळवदाच्या मातीचे थर आणि निदान तीन ठिकाणी भिंतीचा छेद कागदावर यायला हवा. ऑफिसातल्या दोन मुलींना त्या कामावर लावलं आहे. येत्या वर्षांत दोघींनाही आपापलं काम घेऊन समितीपुढे जायचं आहे, म्हणून या वेळी वही त्यांच्या नावाने घातली आहे, माझ्या नाही.